शून्य–पाच : बार्सेलोनाचा १९७३-७४चा हंगाम आणि फ्रांकोच्या राजवटीची अखेर

२८ ऑक्टोबर १९७३, रविवार. बार्सेलोना शहरातील सांता मारिया मित्जान्सेरा या चर्चमध्ये काही माणसे बैठकीसाठी जमली होती. पोलिसांनी चर्चला वेढा घातला आणि एकाच धाडीत ११३ जणांना अटक केली. ही मंडळी ‘कातालोनिया सभा’ या भूमिगत आघाडीची होती. तिच्यात साम्यवादी होते, समाजवादी होते, ख्रिस्ती लोकशाहीवादी होते आणि कामगार संघटनांचे कार्यकर्तेही होते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ही माणसे तीन मागण्यांवर एकत्र आली होती : स्वातंत्र्य, राजबंद्यांची मुक्तता आणि १९३२चा कातालोनियाचा स्वायत्तता कायदा.

त्याच दिवशी, त्याच शहरात, कँप नोउ मैदानावर २६ वर्षांचा एक सडपातळ डच खेळाडू बार्सेलोनाच्या निळ्या-लाल पट्ट्यांचा सदरा घालून प्रथमच लीगच्या सामन्यात उतरला. प्रतिस्पर्धी ग्रानादा. निकाल ४-०. त्यांतील दोन गोल या नव्या खेळाडूचे. नाव योहान क्रॉयफ.

या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध काहीही नाही, तरीही पुढच्या सहा महिन्यांत त्या एकाच कथेचा भाग झाल्या. हा धागा त्या सहा महिन्यांचा आहे. फुटबॉलच्या एका हंगामात राजकारण किती होते आणि मागाहून किती भरले गेले, हा प्रश्न त्यात वारंवार समोर येईल.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६-३९) जनरल फ्रांसिस्को फ्रांको विजयी झाला. कातालोनियाचा स्वायत्तता कायदा त्याने १९३८ मध्येच रद्द केला होता. कातालोनियाच्या शासनाचे अध्यक्ष लुईस कुंपान्यस फ्रान्समध्ये आश्रयाला गेले होते. जर्मनांनी त्यांना पकडून स्पेनच्या हवाली केले आणि ऑक्टोबर १९४० मध्ये बार्सेलोनातील मुंजुईक किल्ल्यात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. कातालान भाषा शाळांतून आणि कचेऱ्यांतून हद्दपार झाली. मुलांची नावेसुद्धा स्पॅनिश रूपातच नोंदवावी लागत. घरी ‘कार्लेस’ म्हणून वाढलेला मुलगा सरकारी कागदावर ‘कार्लोस’ होई.

फुटबॉल क्लबही यातून सुटला नाही. त्याचे अध्यक्ष जुझेप सुन्योल यांना १९३६ मध्ये युद्धाच्या पहिल्याच महिन्यांत माद्रिदजवळच्या डोंगरांत फ्रांकोच्या सैनिकांनी ठार केले होते. युद्धानंतर ‘फुटबॉल क्लब बार्सेलोना’ या नावाचे स्पॅनिश धर्तीवर ‘क्लुब दे फुटबोल बार्सेलोना’ असे रूपांतर झाले. बोधचिन्हावरील कातालान ध्वजाच्या चार तांबड्या पट्ट्यांच्या दोन झाल्या. त्या पट्ट्या १९४९ मध्ये परत मिळाल्या, पण नावासाठी १९७३ उजाडावे लागले. म्हणजे आपण पाहत आहोत तो हंगामच उजाडावा लागला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘रेआल माद्रिद हा हुकूमशहाचा संघ आणि बार्सेलोना हा पीडितांचा संघ’ ही मांडणी लोकप्रिय आहे, कारण ती सोपी आहे. वस्तुस्थिती तितकी सरळ नाही. फ्रांकोच्याच काळात, १९४५ ते १९६० दरम्यान, बार्सेलोनाने सात वेळा लीग जिंकली. युद्धानंतर लगेच लष्कराशी उघडपणे जोडलेला संघ होता तो माद्रिदमधलाच पण दुसरा. आजचा अत्लेतिको तेव्हा हवाई दलाच्या संघाशी विलीन होऊन ‘अत्लेतिको अविआसिओन’ या नावाने खेळत असे. हे मात्र खरे की, रेआल माद्रिदने १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे युरोपियन चषक जिंकल्यावर राजवटीने त्या यशाचा परदेशात भरपूर उपयोग करून घेतला. क्लबचे अध्यक्ष सांतियागो बेर्नाबेउ हे स्वतः यादवी युद्धात फ्रांकोच्या बाजूने लढलेले होते. बार्सेलोनाच्या प्रेक्षकांना यापलीकडे पुराव्याची गरज वाटत नव्हती. १९६० नंतर त्यांच्या संघाने लीग जिंकली नव्हती, आणि दुःखाला कारण हवे असते.

आता परदेशी खेळाडूंकडे वळू. १९६०च्या दशकाच्या आरंभापासून स्पेनमधील क्लबांना परदेशी खेळाडू घेण्यास मनाई होती. अपवाद फक्त स्पॅनिश वंशाच्या लॅटिन अमेरिकनांचा. झाले असे की, अर्जेंटिना आणि पॅराग्वेमधील अनेक खेळाडूंना एकाएकी स्पॅनिश आजोबा सापडू लागले. आपले खेळाडू नाकारले जातात आणि इतरांचे मात्र स्वीकारले जातात, अशी बार्सेलोनाची तक्रार होती. क्लबने मिकेल रोका जुन्येंत या तरुण वकिलाला या जन्मदाखल्यांचा माग काढण्याचे काम दिले. कितीतरी दाखले बनावट निघाले. प्रकरण चव्हाट्यावर येण्यापेक्षा नियम बदलणे महासंघाला सोयीचे वाटले आणि १९७३च्या मे महिन्यात प्रत्येक संघाला दोन परदेशी खेळाडू घेण्याची मुभा मिळाली. हेच रोका पुढे १९७८च्या स्पॅनिश राज्यघटनेचा मसुदा लिहिणाऱ्या सात जणांपैकी एक झाले. खोट्या आजोबांच्या शोधातून निघालेली वाट राज्यघटनेपर्यंत गेली, असे म्हणायला हरकत नसावी.

या मुभेतून बार्सेलोनाने पेरूचा उगो सोतिल घेतला आणि आयाक्सचा क्रॉयफ. क्रॉयफच्या आयाक्सने १९७१, १९७२ आणि १९७३ असा सलग तीनदा युरोपियन चषक जिंकला होता. त्याच्यासाठी मोजलेली रक्कम तोवरची जगातील सर्वाधिक होती. आयाक्सच्या व्यवस्थापनाची बोलणी रेआल माद्रिदशी चालली होती, पण क्रॉयफ बार्सेलोनासाठी अडून बसला. फ्रांकोच्या सावलीतील क्लबात जायचे नव्हते, असे कारण त्याने नंतर सांगितले. ते खोटे ठरवण्याचे कारण नाही. पण बार्सेलोनाचा प्रशिक्षक तेव्हा रिनस मिखेल्स होता, आयाक्समध्ये क्रॉयफला घडवणारा गुरू. शिवाय मिळणारा मोबदला घसघशीत होता, आणि आपल्या परस्पर आपला सौदा व्हावा हे या खेळाडूच्या स्वभावात बसणारे नव्हते. यांतले एकच कारण निवडून त्यावर पुतळा उभारणे हे भक्ताचे काम. इतिहासाच्या विद्यार्थ्याने सगळी कारणे शेजारी शेजारी ठेवावीत.

परवानग्यांच्या घोळात ऑक्टोबर अखेरपर्यंत त्याला अधिकृत सामना खेळता आला नाही. तोवर क्लबने त्याला मैत्रीपूर्ण सामन्यांत उतरवून तिकिटे विकली. इकडे संघाची अवस्था मात्र वाईट होती. यूईएफए चषकात फ्रान्सच्या नीसने पहिल्याच फेरीत बाहेर काढले. लीगच्या तक्त्यातही संघ खालच्या भागात रुतला होता. ग्रानादाविरुद्धचा २८ ऑक्टोबरचा सामना या अवस्थेत झाला. त्या दिवसापासून विजेतेपद निश्चित होईपर्यंत बार्सेलोना लीगमध्ये एकही सामना हरला नाही.

डिसेंबरमध्ये क्लबच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. आज ही बातमी क्रीडापानाच्या कोपऱ्यात जाईल. तेव्हाच्या स्पेनमध्ये पक्ष बेकायदा होते आणि संसद नावापुरती होती. मतदान म्हणजे काय हे तरुण पिढीने जवळजवळ पाहिलेच नव्हते. अशा देशात दोन उमेदवार, त्यांचे जाहीरनामे आणि मतपेट्या हा दुर्मीळ प्रकार होता, मग मतदार क्लबचे मोजके प्रतिनिधीच का असेनात. कापड उद्योगातील ऑगुस्ती मोंताल पुन्हा निवडून आले. ‘क्लबाहून अधिक काही’ हे शब्द त्यांच्या पूर्वीचे अध्यक्ष नार्सीस दे कार्रेरास यांनी १९६८ मध्ये उच्चारले होते. मोंताल यांच्या प्रचारातून ते घराघरांत पोहोचले. त्या वाक्याचे कौशल्य त्याच्या अपुरेपणात आहे. अधिक म्हणजे नेमके काय, हे सांगितले असते तर सेन्सॉरने अडवले असते. सांगायची गरजही नव्हती.

२० डिसेंबरला माद्रिदमध्ये स्फोट झाला. फ्रांकोने आपला वारस म्हणून घडवलेला पंतप्रधान, अॅडमिरल लुईस कारेरो ब्लांको, सकाळच्या प्रार्थनेहून परतत होता. बास्क संघटना ‘एटा’ने रस्त्याखाली भुयार खणून स्फोटके पेरली होती. मोटार उंच उडून शेजारच्या इमारतीवरून पलीकडे, आतल्या सज्जात जाऊन पडली. फ्रांको ८१ वर्षांचा होता. त्याच्यानंतर राजवट सांभाळणारा माणूस एका क्षणात नाहीसा झाला.

दोनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, कँप नोउवर अत्लेतिको माद्रिदविरुद्ध क्रॉयफने तो गोल केला, ज्याचा उल्लेख आजही ‘अशक्य गोल’ असा होतो. उजवीकडून रेशाकने चेंडू उंच टाकला. चेंडू सर्वांना ओलांडून दूरच्या खांबाकडे निघाला होता आणि गळ्याच्या उंचीवर होता. क्रॉयफने गोलकडे जवळजवळ पाठ असताना हवेत उडी घेतली आणि उजवा पाय मागून फिरवून टाचेने चेंडू आत ढकलला. समोर होता मिगेल रेइना, त्याच वर्षी बार्सेलोना सोडून गेलेला गोलरक्षक. (लिव्हरपूलच्या चाहत्यांना माहीत असलेल्या पेपे रेइनाचे हे वडील.) चित्रफीत उपलब्ध आहे. शब्दांत सांगून उपयोग नाही, ती पाहावी.

आता फेब्रुवारी १९७४. या महिन्याच्या तारखा एकामागोमाग वाचल्या पाहिजेत.

९ फेब्रुवारीला ॲम्स्टरडॅममध्ये क्रॉयफ दाम्पत्याला मुलगा झाला. शस्त्रक्रियेने होणारी प्रसूती आठवडाभर अलीकडे घेण्यात आली होती, कारण १७ तारखेला माद्रिदचा सामना होता. मुलाचे नाव ठेवले जोर्दी. संत जोर्दी हा कातालोनियाचा संरक्षक संत, आणि कायद्याने नाव लिहायचे ते ‘होर्हे’. बार्सेलोनाच्या नोंदणी कचेरीत कारकुनाने ‘जोर्दी’ लिहिण्यास नकार दिला. परंतु मूल हॉलंडमध्ये जन्मले होते आणि तेथील कागदावर नाव आधीच चढले होते. क्रॉयफने तो कागद पुढे केला आणि माघार घेतली नाही. शेवटी कारकुनाला लिहून घ्यावे लागले. स्वतः क्रॉयफने पुढे सांगितले की पतिपत्नींना ते नाव फक्त आवडले होते, त्यामागचा इतिहास ठाऊक नव्हता. हे वाचून अनेकांचा विरस होतो. वास्तविक यातच त्या काळाचे खरे चित्र आहे. एखाद्या परदेशी बापाने सहज आवडले म्हणून ठेवलेले नावदेखील तेथे राजकीय कृती ठरत होते.

१२ फेब्रुवारीला नवे पंतप्रधान कार्लोस आरियास नावार्रो यांनी संसदेत भाषण केले. राजकीय संघटनांना मर्यादित मोकळीक, स्थानिक कारभारात काही सुधारणा अशी आश्वासने त्यात होती. ‘१२ फेब्रुवारीचा भाव’ असे त्याचे नाव पडले आणि बर्फ वितळू लागल्याची चर्चा सुरू झाली.

१७ फेब्रुवारी. माद्रिद, बेर्नाबेउ मैदान. रेआल माद्रिदचा तो हंगाम आधीच विस्कटला होता. १९६०पासून प्रशिक्षक असलेले मिगेल मुन्योस जानेवारीतच पायउतार झाले होते आणि लुईस मोलोनी यांच्या हाती सूत्रे होती. तरीही बेर्नाबेउवर पाच गोल होतील, असे बार्सेलोनातही कोणी म्हटले नसते. मिखेल्सने क्रॉयफला आघाडीवर उभे न करता मागे, मधल्या फळीत खेचले. त्याच्या मागे जावे की जागा सोडू नये, हे माद्रिदच्या बचावपटूंना ठरवता येईना. त्या मोकळ्या झालेल्या जागेत आसेन्सी घुसू लागला. तिसाव्या मिनिटाला आसेन्सीचा गोल. मध्यंतरापूर्वी क्रॉयफचा. मध्यंतरानंतर पुन्हा आसेन्सी, मग हुआन कार्लोस आणि शेवटी सोतिल. शून्य–पाच.

त्या रात्री बार्सेलोनाच्या राम्ब्लास रस्त्यावर माणसे उतरली. जमावबंदीच्या देशात हजारो लोक रस्त्यावर येतात, ओरडतात, गातात आणि पोलिसांना त्यांच्यावर लाठी चालवण्याचे कारण सापडत नाही, कारण फुटबॉलचा सामना जिंकणे हा गुन्हा नाही. या सामन्याचे राजकीय महत्त्व शोधायचे तर ते येथे शोधावे. पाच गोलांनी फ्रांकोचे एका विटेचेही नुकसान झाले नाही. पण अनेकांनी एकत्र असण्याची सवय त्या रात्री लावून घेतली.

आणि या जमावात केवळ ‘मूळचे’ कातालान नव्हते. १९५० आणि १९६०च्या दशकांत आंदालुसिया, मुर्सिया, एक्स्त्रेमादुरा या दक्षिणेकडील गरीब प्रांतांतून लाखो माणसे कामासाठी बार्सेलोनात आली होती. शहराच्या कडेला झोपड्यांत आणि नव्या वसाहतींत ती राहत. त्यांना हिणवण्यासाठी खास शब्दही रूढ होता. लेखक फ्रांसेस्क कांदेल यांनी १९६४ मध्ये या लोकांवर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘इतर कातालान’ असे ठेवले. या माणसांना कातालान शाळेत शिकायला मिळणे शक्य नव्हते, कारण तशी शाळाच नव्हती. निळे-लाल रंग मात्र कोणालाही घालता येत. क्लबचा इतिहास लिहिताना उद्योगपती अध्यक्षांवर पाने खर्ची पडतात. या मंडळींना फार तर परिच्छेद मिळतो, तसा येथेही एकच मिळाला आहे.

२४ फेब्रुवारीला बिल्बाओचे बिशप आन्योवेरोस यांचे प्रवचन चर्चांमधून वाचले गेले. बास्क लोकांची भाषा आणि ओळख यांना मान्यता असावी, एवढेच त्यात म्हटले होते. सरकारने बिशपांना नजरकैदेत टाकले आणि देशाबाहेर धाडण्याची तयारी चालवली. कॅथलिक धर्माच्या नावाने सत्तेवर आलेली राजवट बिशपला हद्दपार करू पाहत होती! ‘१२ फेब्रुवारीचा भाव’ बारा दिवस टिकला.

२ मार्च. बार्सेलोनाच्या भरवस्तीतील मोदेलो तुरुंगात सालवादोर पुच अंतिक या २५ वर्षांच्या तरुणाला ‘गारोते’ने मृत्युदंड देण्यात आला. गारोते म्हणजे खांबाला बसवलेला लोखंडी पट्टा. तो मानेभोवती अडकवून मागचा स्क्रू फिरवत आवळायचा. पुच अंतिक एका छोट्या अराज्यवादी गटाचा सदस्य होता. हा गट चळवळीच्या खर्चासाठी बँका लुटत असे. सप्टेंबर १९७३ मध्ये त्याला पकडताना झालेल्या झटापटीत आणि गोळीबारात एक तरुण पोलीस अधिकारी ठार झाला होता. जानेवारीत लष्करी न्यायालयाने शिक्षा सुनावली. कारेरो ब्लांकोच्या हत्येनंतर दयेची आशा उरली नव्हती, आणि युरोपभरातून आलेल्या विनंत्या फ्रांकोने धुडकावल्या. राम्ब्लासवरच्या जल्लोषाला त्या दिवशी १३ दिवस झाले होते.

हा हंगाम आठवणाऱ्या बहुतेक लेखनात १७ फेब्रुवारी असते आणि २ मार्च नसते. दोन्ही तारखा एकाच शहराने अनुभवल्या.

उरलेला हंगाम झटकन सांगता येतो. ७ एप्रिलला खिखोनमध्ये स्पोर्तिंगला ४-२ असे हरवून, पाच सामने शिल्लक असतानाच, बार्सेलोनाने लीग जिंकली. १४ वर्षांची प्रतीक्षा संपली. अखेरच्या तक्त्यात बार्सेलोनाचे ५० गुण, दुसऱ्या क्रमांकावरील अत्लेतिकोचे ४२ आणि रेआल माद्रिद आठवा. क्रॉयफचे लीगमधील गोल १६. त्यानंतर अठराच दिवसांनी, २५ एप्रिलला, शेजारच्या पोर्तुगालमध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही एका दिवसात उलथवली. बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोचलेल्या सैनिकांची छायाचित्रे स्पेनमध्ये कोणत्या नजरेने पाहिली गेली असतील, याची कल्पना करता येते.

पण कथा जिथे सोयीची वाटते तिथे ती थांबत नाही. २९ जून १९७४ रोजी माद्रिदमध्ये राष्ट्रीय चषकाची अंतिम लढत झाली. त्या चषकाचे नाव तेव्हा ‘हेनेरालिसिमो’ फ्रांकोच्या पदवीवरून होते. त्या स्पर्धेत परदेशी खेळाडूंना मनाई होती. क्रॉयफ तर त्या वेळी पश्चिम जर्मनीत विश्वचषक खेळत होता. रेआल माद्रिदने बार्सेलोनाला ४-० असे हरवले. बार्सेलोनाच्या स्मृतीत या सामन्याला फारशी जागा नाही, आणि माद्रिदच्या स्मृतीत शून्य–पाचला. त्यानंतरचे लीग विजेतेपद बार्सेलोनाला १९८५ मध्ये मिळाले, म्हणजे क्रॉयफ खेळाडू म्हणून गेल्यावर सात वर्षांनी.

फ्रांको २० नोव्हेंबर १९७५ रोजी वारला. २८ डिसेंबरला रेआल माद्रिद कँप नोउवर आला. बंदी असलेले चार तांबड्या पट्ट्यांचे कातालान ध्वज लोकांनी कपड्यांत दडवून मैदानात आणले आणि सामन्याच्या वेळी उघडे केले. शेवटच्या मिनिटांत रेशाकने गोल केला. निकाल २-१. त्याला तेव्हाही अधिकृत यादीत ‘कार्लोस’ लिहीत.

आणि एक नोंद, जी क्लबच्या अभिमानगाथेत बराच काळ अडगळीत पडली होती. १९७१ मध्ये बार्सेलोना क्लबने फ्रांकोला पदक दिले होते. दुसरे पदक १९७४ मध्ये, क्लबच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने दिले. ते याच हंगामाचे वर्ष, शून्य–पाचचे. ते देणारे मंडळ मोंताल यांचेच होते, म्हणजे ज्यांनी क्लबचे कातालान नाव परत मिळवले त्यांचेच. लाचारी म्हणावी, व्यवहार म्हणावा, की जमिनीच्या आणि इमारतींच्या परवानग्या ज्याच्या हाती त्याच्यापुढे झुकण्याची त्या काळातील रीत म्हणावी, यावर कातालोनियात आजही वाद होतो. ती दोन्ही पदके क्लबने अधिकृतपणे परत घेतल्याचे जाहीर केले, ते २०१९ मध्ये.